उलटा बाण : कर्करोगाची पेशी चरबी कशी बनवते आणि ती बनवणारं विकर बंद केलं तर काय होतं?



दहावीला 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' शिकवताना आपण सगळेच फळ्यावर एक बाण काढतो. स्निग्ध पदार्थांपासून मेदाम्लं, मेदाम्लांपासून ॲसेटिल-को-एन्झाईम-ए, तिथून क्रेब चक्र आणि शेवटी ऊर्जा. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, भातात आणि साखरेत तर चरबी नसते, मग ते जास्त खाऊन माणूस लठ्ठ कसा होतो?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की हा बाण उलटाही जातो. साखरेपासून ॲसेटिल-को-ए आणि त्यापासून मेदाम्ल, अशी दुसरी वाट शरीरात आहे. पाठात ती फारशी येत नाही.

ही उलटी वाट आज घ्यायचं कारण म्हणजे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे संदेश. "साखर बंद करा, कॅन्सरची पेशी उपाशी मरेल." "कोकमातलं आम्ल चरबी तयार होऊ देत नाही, म्हणून कॅन्सर जवळ येत नाही." "रोज एक ॲस्पिरिन घ्या, आतड्याचा कॅन्सर टळतो." तिन्ही संदेशांचं मूळ खऱ्या संशोधनात आहे. त्यामुळे "सगळं खोटं आहे" असं म्हणून मुलांचं समाधान होत नाही. मुळात काय सापडलं आणि पुढे काय झालं ते सांगावं लागतं.

उलटी वाट कशी चालते

पेशीकडे ऊर्जा पुरेशी असली की क्रेब चक्रातलं सायट्रेट तंतुकणिकेतून बाहेर, पेशीद्रवात येतं. (सायट्रेट म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचंच भावंड.) तिथे तीन विकरं एकामागून एक कामाला लागतात.

पहिलं एटीपी-सायट्रेट लायेज. ते सायट्रेट तोडून दोन कार्बनचं ॲसेटिल-को-ए मोकळं करतं. दुसरं ॲसेटिल-को-ए कार्बोक्सिलेज. ते त्याला आणखी एक कार्बन जोडून मॅलोनिल-को-ए बनवतं. तिसरं फॅटी ॲसिड सिंथेज, आपण त्याला मेदाम्ल सिंथेज म्हणू. हे विकर म्हणजे एक अख्खा कारखानाच आहे. सुमारे २५०० अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, अशा दोन साखळ्या जोडीने, आणि वेगवेगळी कामं करणारे भाग एकाच साखळीत. सुरुवातीला एक ॲसेटिल घ्यायचं, मग सात वेळा मॅलोनिल जोडायचं. प्रत्येक वेळी मॅलोनिलमधला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि दोन उरतात. मुलांना फळ्यावर करायला सांगा : २ + (७ × २) = १६. सोळा कार्बनचं हे पामिटिक आम्ल. पुढे त्याची लांबी वाढवून किंवा त्यात दुहेरी बंध घालून बाकीची बरीच मेदाम्लं तयार होतात.

मॅलोनिल-को-ए नुसता कच्चा माल नाही, तो राखणदारही आहे. मेदाम्लं जळण्यासाठी तंतुकणिकेत शिरतात त्या दारावर सीपीटी-१ नावाचं विकर असतं. मॅलोनिल-को-ए त्याला अडवतो. एकीकडे चरबी बनवायची आणि त्याच वेळी दुसरीकडे जाळायची, असा वेडेपणा पेशी करत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाठीला चरबी कशाला हवी?

मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशी ही उलटी वाट फारशी वापरत नाहीत. जेवणातून आलेली मेदाम्लं रक्तातून मिळतात, त्यावर त्यांचं भागतं. यकृत, चरबीच्या पेशी, बाळाला दूध पाजणाऱ्या आईचे स्तन अशा थोड्याच ठिकाणी मेदाम्ल सिंथेज जोरात चालतं.

१९५३ साली ग्रेस मेडिस, ॲलिस थॉमस आणि सिडनी वाइनहाउस यांनी गाठीचे पातळ काप घेऊन दाखवलं की ते ग्लुकोज आणि ॲसिटेटपासून स्वतः मेदाम्लं बनवतात. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलेल्या गोष्टीकडे होतं : गाठीच्या पेशी ऑक्सिजन असतानाही भरमसाट ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करतात. चरबीचा मुद्दा मागेच पडला. मग १९९४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्रान्सिस कुहाज्डा आणि सहकाऱ्यांनी एक कोडं सोडवलं. स्तनाच्या कर्करोगात ज्यांचा आजार जास्त घातक ठरे, अशा रुग्णांच्या गाठीत एक प्रथिन सापडत होतं. त्याला 'ओए-५१९' असं नुसतं क्रमांकाचं नाव होतं. ते प्रथिन म्हणजे हेच मेदाम्ल सिंथेज निघालं!

असं का व्हावं? पेशी दुभंगायची तर नवं पेशीपटल हवं आणि पेशीपटल मेदाम्लांचंच असतं. एका घराची दोन घरं करायची तर विटा दुप्पट लागणार. पण एवढंच कारण नाही. "वाढा, दुभंगा" असा निरोप पोहोचवणाऱ्या काही प्रथिनांना पेशीपटलाला चिकटून राहण्यासाठी पामिटिक आम्लाची शेपटी लागते. शिवाय पेशीने स्वतः बनवलेली मेदाम्लं बहुतांशी संपृक्त किंवा एकाच दुहेरी बंधाची असतात. ती सहज खवट होत नाहीत, म्हणजे ऑक्सिजनच्या माऱ्यापुढे टिकतात.

साखरेच्या संदेशाचा निकाल इथेच लागतो. गाठ साखर वापरते हे खरं. पण आपण साखर सोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज शून्य होत नाही, यकृत ते तयार करून पातळी राखतं. आणि साखर कमी पडली तर अनेक गाठी रक्तातली आयती चरबी उचलतात. उपचार चालू असलेल्या रुग्णाला घरच्यांनी असल्या संदेशावरून उपाशी ठेवलं तर त्याची ताकद जाते, आणि केमोथेरपी सोसायला ताकदच तर लागते. हे पालकसभेत ठासून सांगावं असं मला वाटतं.

विकर बंद करण्याचे प्रयत्न

कल्पना सोपी दिसते. साध्या पेशीला जे विकर फारसं लागत नाही आणि गाठीला खूप लागतं, ते बंद करा.

बुरशीपासून मिळणारं सेरुलेनिन नावाचं द्रव्य मेदाम्ल सिंथेज अडवतं हे ठाऊक होतं. त्यावर बेतून सी-७५ नावाचा रेणू बनवला. २०००च्या सुमारास उंदरांना तो दिल्यावर उंदरांनी खाणंच सोडलं आणि त्यांचं वजन झपाट्याने उतरलं. सिंथेज बंद झाल्यावर न वापरलेलं मॅलोनिल-को-ए साचतं, आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला ते "पोट भरलंय" असं सांगतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. कर्करोगाचा रुग्ण आधीच खंगलेला, त्याला असं औषध कसं देणार?

२००४ मध्ये कळलं की लठ्ठपणावर आधीपासून वापरात असलेलं ऑर्लिस्टॅट हे औषधही मेदाम्ल सिंथेज अडवतं. पण ते बनवलंय आतड्यात राहून काम करण्यासाठी. रक्तात जवळजवळ उतरतच नाही, मग गाठीपर्यंत पोहोचणार कसं? पुढे डेनिफॅनस्टॅट नावाचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं. त्यात तळहात-तळपाय सोलवटणं, डोळे कोरडे पडणं असे त्रास दिसले. त्वचेला आणि डोळ्यांना ओलसर ठेवणारं तेल या विकराच्या जोरावर बनतं हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी त्याला अजून मान्यता नाही. फॅटी लिव्हर आणि मुरमांवर मात्र त्याचे प्रयोग चालू आहेत.

दुसऱ्या विकराची, म्हणजे कार्बोक्सिलेजची गोष्ट मला सगळ्यात बोधक वाटते. २०१६ मध्ये ते अडवल्यावर उंदरांतल्या फुप्फुसाच्या गाठी आटोक्यात राहिल्याचं दिसलं. २०१९ मध्ये यकृताच्या कर्करोगातही प्राण्यांवर असाच गुण दिसला. पण मधे, २०१७ साली, दुसऱ्या गटाने यकृतातलं हे विकर जनुक काढूनच बंद केलेले उंदीर घेतले, त्यांना कर्करोगकारक रसायन दिलं, आणि गाठी कमी व्हायच्या ऐवजी जास्त झाल्या! चरबी बनवण्यात खर्च होणारी रसायनं शिल्लक राहिली आणि ती पेशीला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवायला कामी आली. बिघडलेली पेशी मरायला हवी होती ती तगली. एकच विकर, एकच अवयव आणि निकाल उलटा. गाठ झाल्यावर विकर अडवणं आणि गाठ होऊ नये म्हणून अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर्तमानपत्रातल्या मथळ्यात हा फरक कधी दिसत नाही.

माणसांना ही औषधं दिल्यावर आणखी एक गंमत झाली. यकृतातली चरबी कमी झाली, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढले. एक वाट अडवली की शरीर दुसरी शोधतं.

आणि ते सीपीटी-१? चरबी जाळण्याचं दार बंद करणारं एटोमॉक्सिर नावाचं औषध हृदयविकाराच्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि चाचणी अर्धवट थांबवावी लागली. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत ते आजही वापरतात, ते पेशींवर आणि उंदरांवर.

आता आपलं कोकम

पहिल्या विकराला, सायट्रेट लायेजला अडवणारा पदार्थ कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. त्याचं नाव हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. सायट्रिक आम्लाशी त्याचं इतकं साम्य आहे की विकर फसतं, त्यालाच धरून बसतं. १९६५ मध्ये लुईस आणि नीलकंठन यांनी हे आम्ल केरळच्या कुडमपुळीतून, म्हणजे तिकडे माशाच्या कालवणात घालतात त्या फळातून, वेगळं करून ओळखलं. कुडमपुळी ही आपल्या कोकमाची, आमसुलाची सख्खी बहीण. दोन्ही गार्सिनिया कुळातल्या. १९६९ मध्ये अमेरिकेत लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत ते एटीपी-सायट्रेट लायेज अडवतं हे सिद्ध झालं.

इथपर्यंत सगळं खरं. पण विकर परीक्षानळीत असतं तेव्हा आम्ल थेट त्याच्यापर्यंत जातं. जिवंत पेशीत शिरणं या आम्लाला जड जातं, पेशीपटलातून ते नीट पार होत नाही. वजन कमी होतं का हे १९९८ मध्ये १३५ लोकांवर १२ आठवडे तपासलं. रोज दीड ग्रॅम आम्ल देऊनही खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे वजनाच्या बाबतीतच ते उणं पडलं. कर्करोग टळतो असं माणसांवर कुणी दाखवलेलंच नाही.

सोलकढी प्या, कोकम सरबत प्या, मजेत प्या. काळजी आहे ती बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या गार्सिनियाच्या अर्काच्या कॅप्सूलची. अशा गोळ्यांमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बारावीतल्या मुली बारीक होण्यासाठी असल्या गोळ्या घरी न सांगता मागवतात, म्हणून पालकांनी हे वाचावं असं वाटतं.

हेच विकर अडवणारं एक खरंखुरं औषध मात्र आहे, बेम्पेडोइक आम्ल. कोलेस्टेरॉलसाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालं, भारतातही मिळतं. त्याची हुशारी अशी की ते यकृतातच जागं होतं. जागं करणारं विकर स्नायूत नाही, म्हणून स्नायूंना त्रास कमी. पण तेही कोलेस्टेरॉलचं औषध आहे, कर्करोग टाळण्याचं नव्हे.

जिथे खरंच काही हाती लागलं

मेदाम्लं बनवणारी विकरं सोडून मेदाम्लं वापरणाऱ्या विकरांकडे आलं की चित्र बदलतं. करडई, सूर्यफूल, सोयाबीनच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून शरीर वीस कार्बनचं ॲराकिडोनिक आम्ल बनवतं. सायक्लो-ऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स, हे विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. ताप, सूज, दुखणं ही त्याचीच कामं. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन नेमकं हेच थांबवतं. या क्षेत्रातल्या कामासाठी १९८२चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. १९९४ मध्ये कळलं की मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये कॉक्स-२ या प्रकाराची पातळी वाढलेली असते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या छोट्या मशीसारख्या वाढीपासून, वर्षानुवर्षं हळूहळू तयार होतो. म्हणजे अडवायला वेळ मिळतो. सेलेकोक्सिब हे फक्त कॉक्स-२ अडवणारं औषध पॉलिप काढून झालेल्या २०३५ जणांवर तपासलं. तीन वर्षांत नवे पॉलिप आले ते खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना, आणि जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना. टाळ्या वाजवाव्यात असा आकडा! पण त्याच चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम त्रास खोट्या गोळीच्या गटात ६७९ पैकी ७ जणांना झाला, कमी मात्रेच्या गटात ६८५ पैकी १६ आणि जास्त मात्रेच्या गटात ६७१ पैकी २३. नववी-दहावीच्या वर्गात याचे शेकडे काढायला द्या. १, २.३ आणि ३.४ येतात. त्याआधी, सप्टेंबर २००४ मध्ये, रोफेकोक्सिब हे त्याचं भावंड जगभरच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. हृदयाचा धोका ज्या चाचणीत उघड झाला तीही पॉलिप टाळण्याचीच चाचणी होती.

आजारी माणूस औषधाचा त्रास सोसायला तयार असतो. पॉलिप टाळण्यासाठी गोळी घेणारा माणूस मात्र आज धडधाकट आहे. त्याच्यासाठी शंभरात दोन जादा झटके ही फार मोठी किंमत झाली.

ॲस्पिरिन वेगळं काम करतं. ते कॉक्सवर ॲसिटिल गट कायमचा चिकटवतं. रक्तातल्या बिंबिकांना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या नवं विकर बनवू शकत नाहीत. बिंबिका जगेल तितके आठ-दहा दिवस ती तशीच राहते. म्हणूनच ॲस्पिरिनने रक्त पातळ राहतं आणि म्हणूनच रक्तस्रावाचा धोकाही असतो.

लिंच सिंड्रोम नावाची एक आनुवंशिक अवस्था आहे. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारं जनुक त्यात जन्मतः बिघडलेलं असतं. अशा ८६१ जणांवर कॅप-२ नावाची चाचणी झाली. रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, साधारण दोन ते चार वर्षं. २०२० मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला. ॲस्पिरिन घेतलेल्या ४२७ पैकी ४० जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, खोटी गोळी घेतलेल्या ४३४ पैकी ५८ जणांना. फायदा लगेच दिसला नाही, काही वर्षांनी दिसू लागला. इंग्लंडमध्ये आता लिंच असलेल्यांना ॲस्पिरिनबद्दल विचार करायला सांगितलं जातं.

मग सगळ्यांनीच का घेऊ नये? हेही तपासून झालंय. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांना, बहुतेक सत्तरीपुढच्या, १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी देऊन सुमारे पावणेपाच वर्षं पाहिलं. ॲस्पिरिनच्या गटात मोठे रक्तस्राव ३८ टक्क्यांनी जास्त झाले. कर्करोगाने मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट २.३ ऐवजी ३.१ टक्के झाले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा समितीने २०१६ मध्ये पन्नाशीतल्या काही लोकांना आतड्याच्या कर्करोगासाठी ॲस्पिरिन सुचवलं होतं, २०२२ मध्ये तो भाग काढून टाकला. "शास्त्रज्ञ रोज मत बदलतात" असं इथे मुलं म्हणतील. त्यांना मधली १९,११४ माणसं दाखवा.

घरी काय करायचं

इन्शुलिन सतत वाढलेलं राहिलं की यकृतात मेदाम्ल सिंथेजचं काम वाढतं. व्यायामाने पेशीतली ऊर्जा कमी झाली की एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि कार्बोक्सिलेजला थांबवतं. म्हणजे गोळी न घेता मिळणारा हा लगाम आहे. व्यायामाचा फायदा फक्त एवढ्यानेच होतो असं नाही, त्याला इतरही वाटा आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांचा जादा वजनाशी संबंध मान्य केला. तेव्हा शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची आपली सवय या दृष्टीनेही बघावी.

मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिल्यास क्वचित रेज सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. मोठ्यांनीही कर्करोगासाठी म्हणून ते मनाने सुरू करू नये. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेलं असेल तर असले लेख वाचून मनाने बंदही करू नये.

आणि घरात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग दोन-तीन पिढ्यांत अनेकांना झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर तो घरचा इतिहास कागदावर लिहून काढा : कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा. तो कागद डॉक्टरांना दाखवून लिंचची तपासणी करायची का हे विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत यासाठी जनुकीय सल्ला देणारा विभाग असतो.